आधी दगड, मग आकडे

कळवा, ठाणे

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पुस्तकांची यादी वाचली. अकरांपैकी सात पुस्तकं भूरसायनशास्त्राची आहेत, आणि त्यातल्या पहिल्याच पुस्तकात तिसऱ्या प्रकरणाशी अडकले असं तू लिहितेस. अडकणारच, बाळा. निकेल ऑलिव्हिन या हिरवट खनिजात शिरतं आणि झिर्कोनियम बाहेर राहतं, हे तिथे एका ओळीत सांगून टाकलेलं असतं. ऑलिव्हिन तुला डोळ्यांनी ओळखता येतं आणि बेसाल्टचा (आपल्या काळ्या पाषाणाचा) रस थंड होताना ते आधीच्या खनिजांत तयार होतं, हे तुला ठाऊक आहे असं लेखकाने धरलेलं असतं. विशेष विषयाची पुस्तकं सगळी अशीच असतात, पाया भरून झालाय असं मानूनच ती सुरू होतात. म्हणून ती सात पुस्तकं सध्या कपाटात ठेव. आत्ता टेबलावर तीनच हवीत: एक भौतिक भूविज्ञानाचं, एक खनिजशास्त्राचं आणि एक संरचनात्मक भूविज्ञानाचं, म्हणजे थर कसे झुकले-वळले त्याचं.

भौतिक भूविज्ञानाचं पुस्तक रोज वीस-पंचवीस पानं या वेगाने वाच, त्यात रेंगाळू नकोस. आकृती मात्र एकही सोडायची नाही. पाहायची, झाकायची, कोऱ्या कागदावर काढायची आणि मग ताडून पाहायची. जी काढता आली नाही, ती समजलेली नाही. ग्रंथालयात जुन्या आवृत्त्याच मिळतात अशी तुझी तक्रार आहे. जुनं पुस्तक टाकाऊ नसतं, फक्त त्यातून काय घ्यायचं ते कळलं पाहिजे. भूवैज्ञानिक वाडियांचं ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ १९१९ साली निघालं. प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे भूपृष्ठाचे मोठे तुकडे सरकतात ही मांडणी, आली १९६० च्या दशकात. तेव्हा कुठला थर कुठे आहे आणि कशावर बसलाय हे वर्णन त्यातून घे, पण हिमालय का उचलला गेला याचं कारण नव्या पुस्तकातून. आर्थर होम्स या भूवैज्ञानिकांनी मात्र १९४४ च्या आपल्या पुस्तकातच मॅन्टलमधल्या (कवचाखालच्या थरातल्या) अभिसरण प्रवाहांनी खंड सरकतात असं मांडलं होतं. ते प्रकरण मिळालं तर जरूर वाच. पुरावा अपुरा असताना तर्क कसा बांधायचा, हे तिथे दिसतं.

खनिजशास्त्राला जुनी आवृत्ती खुशाल चालते, क्वार्ट्झची कठीणता काही बदलत नाही. जीवाश्मांचा भाग परीक्षेपुरता कर.

संरचनेच्या पुस्तकात मुलं एका ठिकाणी हमखास चुकतात. आपल्या कळव्याजवळच्या पारसिकच्या डोंगरात बेसाल्टचे थर पश्चिमेला, खाडीच्या बाजूला झुकलेले आहेत. पुस्तकात ज्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात तो हाच प्रकार. घाटावर हेच थर जवळजवळ आडवे दिसतात. आता डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या भिंतीवर कोन मोजलास तर तो खरा डिप (थराचा उतार) असेलच असं नाही. भिंत स्ट्राइकशी (थरावरच्या, उताराला काटकोनातल्या आडव्या रेषेशी) ३० अंशांचा कोन करत असेल आणि खरा डिप १० अंश असेल, तर भिंतीवर फक्त ५ अंश दिसतात. हिशेब सोपा आहे: दिसणाऱ्या डिपचा टॅन = खऱ्या डिपचा टॅन × भिंत आणि स्ट्राइक यांच्यातल्या कोनाचा साइन. १० अंशांचा टॅन ०.१७६, ३० अंशांचा साइन ०.५, गुणाकार ०.०८८, म्हणजे ५ अंश. भिंत स्ट्राइकला समांतर असेल तर थर सपाटच दिसतील. म्हणून वेगवेगळ्या दिशांच्या निदान दोन भिंतींवर मोजायचं.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीत येशील तेव्हा झाडोरा सुकायला लागलेला असेल आणि उघडा खडक दिसेल. डोंगर उभा कापलेला असेल तिथे भिंतीखाली उभी राहू नकोस, वरून दगड सुटतात. रस्त्याकडेला पडलेला ढिगारा पुरतो. येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानात हातोडा न्यायचाच नाही. ढिगाऱ्यातून दोन तुकडे उचल: एक घट्ट काळा पाषाण आणि एक मांजऱ्या, तोच तो पांढऱ्या ठिपक्यांचा. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा. भिंग दगडाजवळ धरून वाकून बघितलं तर निम्मंही दिसत नाही.

मांजऱ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर एक अख्खी संध्याकाळ घालव. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या पोकळ्या, पुढे त्यांतून गरम पाणी फिरलं आणि त्यांत खनिजं भरली. सगळी पांढरीच दिसतात, पण एक नसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक (प्रयोगशाळेत करताना ९ भाग पाण्यात १ भाग आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही). फसफसलं तर कॅल्साइट. फुटलेला तुकडा तिरप्या चौकोनी खोक्यासारखा असेल तर खात्रीच. फसफसलं नाही आणि चाकूच्या पात्याने ओरखडाही उठला नाही, तर क्वार्ट्झ किंवा त्याचा भाऊबंद कॅल्सेडनी. फसफसलं नाही पण ओरखडा उठला, पृष्ठभागावर मोत्यासारखी झाक आहे आणि स्फटिक मध्ये आवळून बांधलेल्या भाताच्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरलेत, तर ते स्टिल्बाइट, झिओलाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांपैकी एक.

एवढा वेळ यावर का, ते सांगतो. स्टिल्बाइटमध्ये वजनाने सुमारे १८ टक्के पाणी असतं, सिलिका सुमारे ५७ टक्के, आणि टायटॅनियम, मॅग्नेशियम, लोह जवळपास नाहीच. विश्लेषणासाठी दळलेल्या दगडात १० टक्के स्टिल्बाइट गेलं, तर पाणी १.८ टक्क्यांनी वाढलं, सिलिका वर सरकली, आणि २.२ टक्के असलेलं टायटॅनियम ऑक्साइड १.९८ वर आलं. यंत्राने आकडे अगदी बरोबर मोजले, पण ते लाव्ह्याचे नाहीत, लाव्हा आणि नंतरचं पाणी यांच्या खिचडीचे आहेत. झिर्कोनियमही त्याच प्रमाणात पातळ होतं, १५० पीपीएमचं (दशलक्षांत १५० भागांचं) १३५ होतं, म्हणून टायटॅनियम आणि झिर्कोनियमचं गुणोत्तर जसंच्या तसं राहतं. पुस्तकात ‘अचल मूलद्रव्यांची गुणोत्तरं वापरा’ असं वाक्य येईल, तेव्हा हा मांजऱ्या आठव. पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम पाण्याबरोबर हलतात, त्यांच्यावर अशा दगडात भिस्त ठेवू नये.

हे जमलं की भूरसायनाचं पुस्तक उघड. वेग एकदम उतरवायचा: दोन तासांत चार-पाच पानं, शेजारी कॅल्क्युलेटर. विश्लेषणाचा तक्ता समोर आला की आलेख काढायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, बेरीज. बेसाल्टची सगळी ऑक्साइडं आणि तापवल्यावरची वजनातली घट मिळून ९८.५ ते १०१ च्या आसपास यायला हवी. दुसरी, लोह कुठल्या रूपात दिलंय. सगळं फेरिक ऑक्साइड म्हणून दिलं असेल तर ०.८९९८ ने गुणून फेरस ऑक्साइड मिळतं. दोन तक्ते एकत्र करताना हे विसरलं तर १४ टक्के आणि १२.६ टक्के हे दोन वेगळे खडक वाटतात, आणि असतात एकच.

तिसरी ती वजनातली घट, इथे जरा थांब. सिलिका ५०.०, एकूण बेरीज ९९.५, घट ४.० असा तक्ता घे. खडकाचं नाव ठरवणाऱ्या आलेखासाठी घट वजा करून उरलेलं १०० वर आणतात: ५०.० भागिले ९५.५ गुणिले १००, म्हणजे ५२.४. बेसाल्टची सिलिकेची सीमा ५२. त्यामुळे तोच दगड आता दुसऱ्या नावाचा खडक, बेसाल्टी अँडेसाइट झाला! गणितात चूक नाही, पण ४ टक्के घट असलेला नमुना मुळात बदललेला आहे आणि त्याला या आलेखावर बसवायलाच नको होतं. उलट ताज्या बेसाल्टमध्ये कधी घट ऋण येते. घाबरू नकोस. तापवताना फेरस लोह ऑक्सिजन घेतं आणि वजन वाढतं. दळायचं भांडं कशाचं होतं हेही तक्त्याखालच्या टिपेत शोध. टंगस्टन कार्बाइडचं असेल तर टंगस्टन आणि कोबाल्ट भांड्यातून आलेलं असू शकतं. पोलादी असेल तर लोह आणि क्रोमियम. या कामाला रॉलिन्सन यांचं ‘यूझिंग जिओकेमिकल डेटा’ उत्तम आहे. पहिली आवृत्ती १९९३ ची, नवी २०२१ ची. नवीच घे. तुझ्या सातांपैकी विकत घेण्यासारखं हे एकच, बाकीची ग्रंथालयातून आण.

तू जिथे अडलीस ते अंशतः वितळण्याचं सूत्र असं: रसातलं प्रमाण भागिले मूळ खडकातलं प्रमाण = १ ÷ [डी + एफ × (१ − डी)]. डी म्हणजे मूलद्रव्य स्फटिकात किती राहायला बघतं ते, एफ म्हणजे किती खडक वितळला. डी ०.०१ आणि एफ ०.१ घातलं की ९.२ येतं, म्हणजे रसात ते मूलद्रव्य नऊपट साठलं. डी २ असेल, निकेलसारखं, तर ०.५३. आता तू लिहून पाठवलेलं उत्तर ०.१ का आलं ते बघ: तू एफच्या जागी १० घातलेस. १० टक्के म्हणजे ०.१. सूत्र तक्रार करत नाही, उलटं उत्तर देऊन मोकळं होतं. म्हणून आधी मनाशी ठरवायचं की हे मूलद्रव्य रसात वाढायला हवं की घटायला हवं, आणि मगच आकडा काढायचा. ते ठरवायला ऑलिव्हिन, पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज यांची रचना खनिजशास्त्राच्या पुस्तकातून आलेली असावी लागते. या प्रकरणाला इतका उशिरा हात लावायला सांगतोय तो यासाठीच.

उष्मागतिकीच्या प्रकरणात दोनच खड्डे आहेत: तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये घालणं, आणि वायू स्थिरांक ८.३१४ जूलमध्ये असताना ऊर्जा किलोजूलमध्ये ठेवणं. पडताळ्याला कॅल्साइटचं विरघळणं घे. २५ अंशांना त्याच्या विद्राव्यतेच्या स्थिरांकाचा लॉग (दहाच्या पायाचा) −८.४८ आहे. तुझं ऊर्जेचं उत्तर मोलला सुमारे ४८.४ किलोजूल आलं की एककं जुळली.

समस्थानिकांना, म्हणजे खडकांची वयं काढायच्या भागाला, मात्र जुनं पुस्तक चालत नाही. रुबिडियम-८७ चा क्षय स्थिरांक (त्याचे अणू कुठल्या दराने फुटतात तो आकडा) १९७७ च्या शिफारशीनुसार वर्षाला १.४२ × १० चा −११ वा घात धरत, २०१५ च्या शिफारशीत तो १.३९७२ झाला. आयसोक्रॉनचा (एकाच वयाच्या नमुन्यांतून जाणाऱ्या आलेखरेषेचा) चढ ०.०१४०८ असेल तर वय = लॉग (१ + चढ) ÷ स्थिरांक, लॉग नैसर्गिक. जुन्याने ९८.५ कोटी वर्षं येतात, नव्याने १००.१ कोटी. सुमारे १.६ कोटी वर्षांचा फरक नुसत्या स्थिरांकाचा. दोन शोधनिबंधांतली वयं शेजारी ठेवण्याआधी दोघांनी कुठला स्थिरांक घेतलाय ते पाहा आणि वहीत वयाशेजारी तो लिहून ठेव.

हे सगळं झालं की दख्खनच्या थरांवरचं लिखाण वाचायला घे, त्याआधी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्ह्यांत कित्येक थर डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून त्यांचे गट पाडताना रसायनाचा मोठा आधार घेतला गेला. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यातली नेरळ, ठाकूरवाडी, खंडाळा ही नावं तुला पुण्याच्या गाडीच्या खिडकीतून पाठ आहेत. बुशेमध्ये वर येताना कवचाचा खडक बराच मिसळला, आंबेनळीत सर्वांत कमी. हे कशावरून ठरवलं, ते स्ट्रॉन्शियमच्या गुणोत्तरांचा तक्ता समोर घेऊन स्वतः काढून बघ आणि मला लिही.

सोबत १० पटींचं भिंग, चिनीमातीची विनाचकाकीची फरशी (रेघ उमटवून बघायला) आणि मांजऱ्याचे तीन तुकडे पाठवतोय. तुकड्यांवर १, २, ३ आकडे घातलेत, नावं घातलेली नाहीत. तिन्हींतल्या ठिपक्यांत काय आहे ते आम्ल आणि चाकू वापरून ठरव. तिसऱ्यात दोन खनिजं आहेत. कुठलं आधी भरलं आणि कुठलं नंतर, तेही सांग. पोकळीच्या भिंतीला जे चिकटलंय तिथून सुरुवात कर.

तुझे,
बाबा