एका लिंकनपायी

नोव्हाय, मिशिगन

प्रिय दिल्या,

तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो. झालं. आता मुद्द्याचं.

शेजारचे म्हातारबुवा त्यांची लिंकन गाडी विकताहेत. मला!

१९६५ ची कॉन्टिनेंटल, गडद निळी, चार दारांची. मागची दारं उलटी उघडणारी, तीच ती. बुवांची सगळी नोकरी लिंकनच्या विक्समच्या कारखान्यात गेली. ही गाडीही तिथलीच. कारखाना २००७ मध्ये बंद झाला, गाडी चालू आहे. आता ते मुलीकडे ॲरिझोनाला चाललेत. किंमत अशी सांगितली की मी पुन्हा एकदा विचारून घेतली. अट एकच, पांघरूण घालून ठेवायची नाही, चालवायची. महिनाअखेरीला उत्तर हवंय. हे इथे मी कुणाला सांगू? ऑफिसातली पोरं फोटो काढायला येतील. वैशालीला सांगितलं तर ती काही बोलली नाही, नुसती गॅरेजकडे बघत राहिली.

कारण ती जागा आधीच दिलेली आहे, तिच्या कॅडिलॅक लिरिकला. विजेची. हो, आमच्या घरात कॅडिलॅक येतेय. हस पोट भरून, पण बंड्याला कळवू नकोस.

तुझ्या त्या एकोणसाठच्या कॅडिलॅक एल्डोरादोवरून आपण किती भांडलो! बंदुकीच्या गोळ्यांसारखे मागचे दिवे, हातभर उंच शेपट्या, आणि तू म्हणायचास, यालाच श्रीमंती म्हणतात. माझी एकसष्टची लिंकन म्हणजे तुझ्या भाषेत शवपेटी. मी अजून म्हणतो, त्या शेपट्यांचा सगळा तमाशा एका सरळ रेषेने संपवला तो लिंकननेच. आणि गंमत ऐक. दोन्ही कंपन्या एकाच माणसाने काढल्या. हेन्री लेलँड. १९०२ मध्ये कॅडिलॅक, १९१७ मध्ये लिंकन, जी पुढे १९२२ मध्ये फोर्डने घेतली. हे सुऱ्याने हॉस्टेलवर सांगितलं असतं तर आपण दोघांनी मिळून त्याला बदडला असता.

परवा बुवांनी किल्ली हातात दिली. बॉनेट उघडून दाखवलं. वायपर विजेवर नाहीत रे, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर फिरतात. दारांची कुलपं इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. माझा जन्म गेला दारांच्या कुलपांतलं इलेक्ट्रॉनिक्स करण्यात, आणि इथे रबराच्या नळीत तेच काम आवाज न करता होतंय. बुवा म्हणाले, तेव्हा प्रत्येक गाडी कारखान्याबाहेर १२ मैल पळवून तपासत, मगच सोडत. दोन वर्षांची किंवा २४ हजार मैलांची हमी द्यायचे, त्या काळी! मी चालवली. सात लिटरचं इंजिन, दोन टनांवर वजन, आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. रस्ता कुठे आहे ते मात्र त्या बोटाला कळत नाही.

लिरिकही चालवून पाहिली. खरं सांगू? मोजता येईल त्या प्रत्येक बाबतीत तीच सरस. पळते, थांबते, वळते, वाचवते. ३३ इंचांचा पडदा आहे. हातमोज्यांचा खणसुद्धा त्या पडद्यावरूनच उघडायचा. हायवेवर हात सोडले तरी गाडी चालते, पण ती सोय काही वर्षांनी वर्गणी भरून चालू ठेवायची. माझं इथेच अडतं. पासष्टात पैसे मोजले की पत्रा, क्रोम, कातडं आणि त्या १२ मैलांची मेहनत तुझी झाली, कायमची. आता जे घेतो त्यातलं माझं किती आणि त्यांच्या सर्व्हरवरचं किती? हे मी म्हणावं म्हणजे कमालच. पगार त्याचाच खाल्ला.

आणि लिंकनवाल्यांनी तरी काय केलं? २०१९ मध्ये उलट्या दारांची कॉन्टिनेंटल पुन्हा काढली, मोजून ८० गाड्या, किंमत लाख डॉलरच्या वर. पुढच्याच वर्षी कॉन्टिनेंटलच बंद. आता नुसत्या एसयूव्ही, त्यातली नॉटिलस चीनमधल्या हांगचौहून येते. हे मी बुवांपुढे काढलं नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याला मात्र १९८१ ची कॅडिलॅक भेट द्यावी. आठ सिलिंडरांतले कधी दोन, कधी चार कॉम्प्युटर बंद करणार! आणि शहात्तरची एल्डोरादो, ८.२ लिटरमधून १९० घोडे. मोजायची पद्धत मधे बदलली हे धरूनही लाज वाटावी. म्हणजे आपण ‘जुन्या गाड्या’ म्हणून ज्यांच्यावर जीव टाकला त्या थोड्याच. होळकरांची ड्यूसेनबर्ग आठवते ना, तू वहीत चिकटवलेली? चासी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. कापड एका दुकानातून, शिंपी दुसरा. आता कॅडिलॅक सेलेस्टिक तशीच गिऱ्हाइकाच्या मर्जीने हातांनी बनवते, तीन लाख डॉलरच्या वर. तेव्हाही संस्थानिकच लागत, आताही.

खरा घोर वेगळाच आहे. वैशाली शेवटी एवढंच म्हणाली, “ओजसला त्यात बसवायचं नाही.” बरोबर आहे तिचं. नुसता कमरेचा पट्टा. अपघातात आत दबणारा स्टिअरिंगचा दांडा हिच्या नंतर आला. नातवाला घेऊन भटकायचं हेच तर मनात होतं. तो नसेल तर मी कुणासाठी चालवू? एकटा दूध आणायला जाऊ, अठरा फुटी गाडीतून?

म्हणून तुला लिहितोय. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, १९९५ पासून. तुझ्या शेपट्याही दिसतील, भरपूर. व्हिसा आहे का अजून? की अमोघच्या लग्नाच्या गडबडीत संपला? लग्नाची तारीख कळव. वाड्याचं बिल्डरशी मिटलं का? वहिनींना नमस्कार, माईंना साष्टांग.

उत्तर लिहूनच पाठव, फोन नको. वैशाली स्पीकर लावते.

तुझा,
नंदू

ता. क. गॅरेज वीस फूट खोल आहे. टेप लावून पाहिलं, ती भिशीला गेली होती तेव्हा.