कोप्या हलायच्या आत

कराड, १८ नोव्हेंबर

प्रिय विज्या,

फराळ पोचला. चकल्या मऊ पडल्या होत्या तरी दोन दिवसांत संपल्या. पोच दिली नाही म्हणून फुगला असशील, तर फूग. इकडं सगळे ठीक, आईचा गुडघा तसाच.

लिहायचं कारण वेगळंच. डिसेंबर-जानेवारीत ऊसतोडकऱ्यांच्या पोरांसाठी न्यूमोनियाची शिबिरं घ्यायचीत. काल जागा नक्की करायला गेलो, तर कोप्यांच्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, जागी चुलीची राख नि एक तुटकी चप्पल. टोळी पुढच्या गावाला. इथं कुणाला सांगितलं तर म्हणतात, दुसरी टोळी बघा. तू तिकडं बीडच्या पाटोद्यात हीच माणसं ऊसतोडीला निघताना बघतोस, म्हणून तुझ्यापाशी रडगाणं.

पहिल्या दिवसाचं मला भ्या नाही. वेळ संध्याकाळी सहानंतरची, कारण पहाटे कोयता घेऊन गेलेली आई त्याआधी सापडतच नाही. शाळेची खोली हवी. उघड्यावर थंडीत सदरा वर केला की पोर रडतं, नि रडणाऱ्या पोराचा श्वास मोजून उपयोग नाही. बॅटरीवरचा मोठा दिवा पाहिजेच. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जातो का, ते मोबाईलच्या उजेडात हमखास हुकतं. आयांना फक्त एवढंच विचारायचं, ‘पोट उडतंय का?’ त्या बरोबर सांगतात.

आणि श्वास मोजायचे पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० भरले, तर श्वास जलद, न्यूमोनियाचा संशय. तू हॉस्टेलपासून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणारा! अरे, तान्ही पोरं मध्येच थांबून श्वास घेतात, तुझा एक चुकला की दोन चुकतात. हे भांडण मी जिंकलोय, आता तरी मान्य कर.

मोठ्यांचा ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटाला चालत नाही. पावलाला गुंडाळायचा छोटा प्रोब घेतलाय. पाऊल गार असलं तर आकडा खोटा येतो, म्हणून आधी चोळून ऊब द्यायची नि पडद्यावरची लाट स्थिर झाल्यावरच वाचायचं. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली, किंवा पोर अंगावर पीत नाही, सगळं ओकतं, झटके आले, उठवून उठत नाही, तर ऑक्सिजन लावून थेट १०८. गाडी उसाच्या सरीत येत नाही. डांबरीवर कुठं थांबायचं ते आधी ठरवलेलं बरं. छोट्या सिलिंडरात साधारण १५०० लिटर, मिनिटाला दोन लिटरनं बारा तास. पण ऐन वेळी चावी सापडत नाही, म्हणून ती सुतळीनं सिलिंडरलाच बांधली.

घरघर ऐकू येणाऱ्यांसाठी साल्ब्युटामॉलचा पंप. पंप नि तोंड यांच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, अर्ध्या लिटरच्या बाटलीचा: बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक, वरचा पाव भाग कापून टाकायचा, नाकासाठी कडेला खाच, धार मेणबत्तीवर मऊ करायची. खोकल्याचं पातळ औषध पेटीत ठेवणारच नाही. मुकादम मागेल, मागू दे. वर्षावरच्याला मध.

अडतं ते तिसऱ्या दिवशी. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची २५० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी, चार ते दहा किलोच्या आत एक-एक, चौदा किलोच्या आत दोन-दोन, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. म्हणजे एका पोराला दहा किंवा वीस गोळ्या, त्या सगळ्या पहिल्याच दिवशी हातात. (दोन महिन्यांच्या आतल्याला मात्र गोळी देऊन कोपीत पाठवायचं नाही, थेट दवाखाना.) पण दोन दिवसांनी श्वास पुन्हा मोजायलाच हवा. उतरला नसेल तर औषध बदलायचं की पोर हलवायचं, ते तेव्हाच कळतं. नि तोवर टोळी कुठल्या शिवारात? गाडी सेंटरवाले बैलगाड्यांसकट कारखान्याजवळ राहतात, त्यांची सोय होईल. डोक्यावर मोळ्या वाहत गावोगाव फिरणाऱ्या डोकी सेंटरवाल्यांचं काय? कार्ड दिलं तर पाचटात हरवतं. बापाचा फोन दिवसभर बंद. मुकादमाचा लागतो, पण त्याला उचल (आगाऊ दिलेले पैसे) आणि टनाशिवाय दुसरं सुचत नाही. दोघांचेही नंबर, टोळीचं नाव, कारखाना, हे सगळं आमच्या वहीत, कार्डाच्या भरवशावर नाही, असं ठरवलंय. दुसऱ्या संध्याकाळी फोन करायचा, नि नव्या गावच्या आशाताईला त्याच रात्री कळवायचं. जमेल का? मला अर्धीच खात्री आहे. तू म्हणशील त्यापेक्षा एक महाशिबिर घे. नको. मंडप, हारतुरे, नि तिसऱ्या दिवशी पुन्हा राखच.

तुझ्याकडून एकच हवंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्यांचा नवव्या महिन्याचा पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) आणि गोवर-रुबेला नेमका कोपीत असताना येतो, नि लसीचं कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. तिकडच्या आशाताईंना सांगून कार्डांचे फोटो मागव ना. टोळीगणिक नको, गावागणिक दे; नावं मी जुळवतो.

पोरीची बारावी कशी चाललीय? स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार. फोटो पहिल्या शिबिराच्या आत पाठव.

तुझा,
बाळ्या