गुड्डू, सर्टिफिकेटापर्यंत थांब

प्रिय गुड्डू,

काल रात्री तू मधेच फोन ठेवून दिलास, म्हणून वहीवर लिहून राहिले. ताई फोटो काढून तुला पाठवेल. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

फोरमन चार पोरांसमोर तुला दहावी नापास म्हणाला, ते मला खूप लागलं. असं बोलायला नको होतं त्यानं. पण तेवढ्यावरून कंपनीतली अप्रेंटिसशिप सोडून बॅग भरायची? मी ठरवलं होतं, पत्रात ‘सोडू नको’ म्हणायचंच नाही, आधी जेवणाचं विचारायचं. मेसवाला पोळ्या नीट भाजून देते का? बुटीबोरीत ऊन इथल्यापेक्षा जास्त लागते म्हणतात. दुपारी कांदा खात जा.

डोळ्यांचं काय? वेल्डिंगची काच एका क्षणासाठीही वर करायची नाही, असं आयटीआयच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तू केलीस, आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळलास. मी उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. तेव्हाही तुझ्या तोंडून निघालं नाही की सोडतो. मग आता काहून?

आबांचं तुला माहीतच आहे. जन्म एम्प्रेस मिलमध्ये गेला. टाटांची मिल, १८७७ ची; त्यांना फार अभिमान होता तिचा. बिघडलेला लूम आवाजावरून ओळखायचे. २००२ मध्ये मिल कायमची बंद झाली आणि मग कुठंही गेले तरी पहिला प्रश्न एकच, कागद काय आहे? हात तयार होता, कागद नव्हता. पुढं इतवारीत दुकानांपुढं हातगाडी ओढताना मी त्यांना पाहिलं आहे. घरी येऊन कोणाशी बोलायचे नाहीत. तुला कडेवर घ्यायचे फक्त.

म्हणून मी त्या सर्टिफिकेटाच्या मागं लागते. करार पूर्ण झाला तरच अप्रेंटिसची परीक्षा देता येते आणि ती पास झालास तर जो कागद मिळेल, तो देशात कुठंही चालतो. मधेच सोडलं तर इतके दिवस उन्हातान्हात काढलेले कुठं लिहिलेले राहणार नाहीत. बघ, झालंच माझं भाषण सुरू. राग मानू नको.

समाजमंदिराजवळच्या, पोरांना कामाला लावणाऱ्या केंद्रातल्या मॅडम काल संध्याकाळी घरी आल्या होत्या. मी नाही बोलावलं, त्या दर आठवड्याला येतातच. तुझं सांगितलं तर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या महिन्यातच पोरं सुटतात, म्हणून आम्ही कामाला लावून मोकळं होत नाही. मला तर वाटते, बाई, योजना खूप आहेत. बॅनर बघून बघून डोळे दुखतात. पण सकाळी आठ वाजता दार वाजवून ‘उठ, आज सेतूत जायचं आहे’ म्हणणारं माणूस कुठं मिळते? तू टपरीवर बसून राहायचास तेव्हा माझं ऐकत नव्हतास, त्यांचं ऐकलंस. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सगळ्यासाठी त्या सोबत फिरल्या. दहावी नापासलाही वेल्डर ट्रेड मिळतो, हे आपल्या घरात कोणाला माहीत होतं?

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते तू नीट ऐक. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं कामावर असली की कारखान्याला शिकाऊ पोरं ठेवावीच लागतात. म्हणजे तू तिथं कोणाच्या मेहेरबानीवर उभा नाहीस. मान खाली घालायची गरज नाही आणि वर करून भांडायचीही नाही. फोरमन पुन्हा तसं बोलला तर मॅडमना सांग, त्या कंपनीच्या साहेबांशी बोलतात.

आणि खात्याचं बघ. स्टायपेंडमधला सरकारचा वाटा, दीड हजारापर्यंतचा, सरळ तुझ्या खात्यात येतो, पण आधार जोडलेलं पाहिजे. ते राहिलं असेल तर सुट्टीच्या दिवसाची वाट पाहू नको.

आयटीआयचा निकाल लागला त्या दिवशी मंदाकाकूच्या दारात उभं राहून मी मुद्दाम मोठ्यानं बोलले होते, आठवते? तुला लाज वाटली होती. मला अजूनही तसंच मोठ्यानं बोलावंसं वाटते. बाबांचं म्हणशील तर ते काही बोलत नाहीत, पण तुझा निळ्या ड्रेसमधला फोटो त्यांनी मोबाइलवर लावला आहे.

तू मामासारखा होशील ही भीती माझ्या मनातून जात नाही. दर वेळी नवीन काम, दर वेळी मालकच वाईट. तू तसा नाहीस, मला ठाऊक आहे. तरी लिहिलं. सोडायचंच असलं तर रात्री रागात ठरवू नको, आधी मॅडमशी बोल. शनिवारी त्या तिकडच्या सगळ्या पोरांना भेटायला येणार आहेत. त्यांच्यासोबत लिंबाचं लोणचं आणि तुझा जुना टॉवेल पाठवते.

उद्या कामावर गेलास की ताईला मेसेज टाक. नाही गेलास तरी टाक.

तुझी,
आई