सच्छिद्र कार्बनचे आकडे पूर्ण सेलवर मागा : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
सप्रेम नमस्कार.

सुपरकपॅसिटर म्हणजे झटपट भरणारे वीज साठवण्याचे साधन; त्याच्या इलेक्ट्रोडसाठी मी सच्छिद्र कार्बन बनवते. या विषयावरच्या अनुदान-अर्जाचा नमुना बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

नारळाच्या करवंटीचा कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर निष्क्रिय वायूत 700-800 अंश सेल्सिअसला तापवला, की अल्कली त्याला आतून पोखरते. मग गाळणीतून उतरणारे पाणी लिटमसचा रंग बदलेनासे होईपर्यंत ती पूड धूत बसायचे. तिच्या एका ग्रॅमच्या पोटात दोन-तीन हजार चौरस मीटर पृष्ठभाग मावतो! सेलमधल्या द्रावणातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यावर नुसते येऊन बसतात, रासायनिक बदल जवळजवळ होत नाही. म्हणून सेल काही सेकंदांत भरतो आणि लाखो आवर्तने टिकतो. ऊर्जा मात्र किलोला 5 ते 10 वॉट-तास. लिथियम-आयन बॅटरीत ती दीडशेच्या पुढे असते.

हे अंतर कमी करायचे तर छिद्रे नेमकी हवीत. 1 नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) उलट वाढते, हे 2006 मध्ये दिसले; आयन आपल्याभोवतीचे द्रावकाच्या रेणूंचे कवच उतरवून आत शिरतात. मला आजही हा शोध थक्क करतो.

पण अहवालांत काय येते? चौरस सेंटिमीटरला जेमतेम 1 मिलिग्रॅम कार्बन लावून मोजलेले 'फॅरड प्रति ग्रॅम', म्हणजे एका ग्रॅममागची धारिता. विकल्या जाणाऱ्या सेलमध्ये हा थर साधारण 10 मिलिग्रॅमचा असतो. जाड थरात आयनांना आत पोहोचायला वेळ लागतो आणि तो सुंदर आकडा ढासळतो. शिवाय एकाच इलेक्ट्रोडवर मोजलेली धारिता, सारख्या दोन इलेक्ट्रोडांचा सेल केला की दोन्हींच्या वजनामागे पाव होते. छिद्रे फार वाढवली तर कार्बन हलका, फुसफुशीत होतो आणि लिटरमागची ऊर्जा घटते.

मी एकदा जाड थराचे खरे आकडे देऊन अर्ज केला. 'धारिता कमी' एवढ्या शेऱ्यानिशी तो परत आला. पातळ थराचे आकडे माझ्याकडे होतेच, ते दिले असते तर कदाचित निभावले असते. ते मला द्यायचे नव्हते.

म्हणून अर्जात तीन रकाने सक्तीचे करा: चौरस सेंटिमीटरला किती कार्बन, दोन इलेक्ट्रोडांच्या पूर्ण सेलची घनफळामागची ऊर्जा, आणि भरून ठेवलेल्या सेलचे व्होल्टेज 24 तासांनी किती उतरते. हे मोजायला नवे यंत्र लागत नाही. पुढच्या अर्जांची मुदत जाहीर होण्याआधी हा बदल व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक संशोधक