पुतण्याची गिटार

‘संगीतातील घराणेशाही’ हा लेख वाचला. त्यात अमेरिकन गिटारवादक डेरेक ट्रक्सचं नाव मात्र राहून गेलं. त्याचे काका बुच ट्रक्स ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडचे ड्रमर होते. पुतण्या १९९९ मध्ये, विशीत, त्याच बँडचा गिटारवादक झाला. वशिला? असेलही. पण नवव्या वर्षी पाच डॉलरला घेतलेल्या जुन्या गिटारवर त्यानं हात बसवला, तो वशिल्यानं बसत नाही. तारांवर सरकवायला बोटात काचेची नळी, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी, म्हणजे पिकसुद्धा नाही. अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदचा प्रभाव तो स्वतः सांगतो, आणि ब्लूज या अमेरिकन संगीतातली त्याची मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणं, ऐकताना ते पटतं. पत्नी सुसान टेडेस्कीसह काढलेल्या बँडला २०१२ मध्ये ग्रॅमी मिळालं. तोवर काका आठवतो कुणाला!

– एक वाचक, सांगली