वरळीचा मनोरा आणि मराठी प्रेक्षक: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : टीव्हीवरचे मराठी प्रेक्षकाचे बरे-वाईट दिवस आणि ‘सह्याद्री’ वाहिनीबाबत मागण्या

महोदय,

टीव्हीचा सुवर्णकाळ कोणता, हा वाद आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही रंगतो. साठी ओलांडलेले म्हणतात, एकच दूरदर्शन होतं तेव्हाचा काळ खरा. चाळिशीतले म्हणतात, खासगी मराठी वाहिन्या नव्या होत्या तेव्हाचा. हा वाद मी आपल्यापर्यंत आणते आहे, कारण त्याचा निकाल लावण्यात आपल्या खात्याचा हात फार मोठा आहे. मराठी प्रेक्षकाला बरे दिवस आले तेव्हा दिल्लीने त्याच्या भाषेला वेळ आणि पैसा दिला होता, आणि वाईट दिवस आले तेव्हा तो काढून घेतला होता किंवा बाजाराच्या हवाली केला होता. मी बार्शी तालुक्यातली निवृत्त शिक्षिका आहे. टीव्ही मी प्रेक्षक म्हणून पाहिला आणि वर्गातल्या मुलांच्या तोंडूनही ऐकला.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीत सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं. त्या केंद्राने पहिल्या दहा वर्षांत जे केलं ते आजही थक्क करणारं आहे. रंग नव्हता, पैसा तुटपुंजा होता, स्टुडिओ मोजके होते. पण निर्माते म्हणून आलेली माणसं नाटकातून, साहित्यातून, शिक्षणातून आली होती. विनायक चासकरांचा ‘गजरा’, सुहासिनी मुळगांवकरांचं ‘सुंदर माझं घर’, साहित्यिकांना बोलतं करणारं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, मुलांचं ‘किलबिल’, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’मधून तर गावोगावी ज्ञानदीप मंडळं उभी राहिली. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांनी एकत्र येऊन काही काम करावं, ही अपेक्षा आज कुठली वाहिनी ठेवते?

‘आमची माती आमची माणसं’ शहरातली माणसं कंटाळून बंद करायची. आमच्याकडे तो पुढे दिसू लागल्यावर माझे काका कार्यक्रम लागला की भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घ्यायचे. कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल सांगत असले, की औषधाचं नाव आणि किती पाण्यात किती मिसळायचं ते त्या महिन्याच्या पानामागे पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी ते पान घेऊनच दुकानात जायचे. दुकानदाराने भलतंच औषध पुढे केलं तर पान दाखवायचे. शेतकऱ्याच्या हातात दुकानदारासमोर धरायला काहीतरी होतं, एवढी त्या अर्ध्या तासाची किंमत होती.

तरीही या काळाला डोळे मिटून सुवर्णकाळ म्हणायला मी तयार नाही, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण आणीबाणी. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात दूरदर्शनच्या बातम्या सरकारच्याच होत्या. पुढच्या सरकारने प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली, वर्गीज समितीने स्वायत्ततेची शिफारस केली, आणि तरी दूरदर्शन-आकाशवाणी स्वायत्त संस्थेकडे देणारा प्रसार भारतीचा कायदा व्हायला १९९० उजाडलं. तो अमलात यायला १९९७! सत्तेत कुणीही असो, दूरदर्शन हातातून सोडवत नाही, हे या वीस वर्षांनी दाखवून दिलं. बातम्यांपुरतं बोलायचं तर प्रेक्षकाचा सर्वांत वाईट काळ आणीबाणीचाच. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्या स्वच्छ उच्चारांच्या आठवणी आपण काढतो, त्या रास्तच आहेत. पण बातमी कशी वाचली याच्याइतकंच कोणती बातमी वाचू दिली नाही, हेही मोजावं लागतं.

दुसरं कारण अंतर. मुंबई-पुण्याची माणसं ज्या ‘गजरा’ने हळवी होतात, तो सोलापूर-मराठवाड्याकडच्या बहुतेक घरांनी त्या काळी पाहिलाच नाही. आमच्यापर्यंत टीव्ही आला तो १९८४ च्या सुमारास, देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले तेव्हा. हे प्रक्षेपक इन्सॅट-१बी उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उचलत होते. म्हणजे महाराष्ट्राच्या आतल्या भागात टीव्ही पोहोचला तो हिंदी आणि इंग्रजी बोलतच. मुंबईचा मराठी कार्यक्रम उपग्रहावरून राज्यभर दिसायला आणखी काही वर्षं जावी लागली.

मुंबईतही १५ ऑगस्ट १९८२ पासून चित्र पालटलं. रंगीत प्रक्षेपणाबरोबर राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. जेवणं उरकून घर निवांत बसतं त्या वेळेला मराठी बंद. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘रामायण’, ‘भारत एक खोज’ या मालिका मोठ्या होत्या याबद्दल माझं दुमत नाही. आम्हीही रविवारी सकाळी रस्ते ओस पाडले आहेत. पण सगळा देश ज्या वर्षांना टीव्हीची सोन्याची वर्षं म्हणतो, त्याच वर्षांत मराठी कार्यक्रम संध्याकाळच्या आधीच्या तासांत ढकलले गेले. पी. सी. जोशी समितीने त्याच दशकात सरकारला सांगितलं होतं की दूरदर्शन दिल्लीच्या नजरेने देश दाखवतं आहे. अहवाल आला, चर्चा झाली, वेळापत्रक तसंच राहिलं.

मग बरा काळ कोणता? माझं उत्तर काहींना पटणार नाही. साधारण १९९७ ते २००७ ही वर्षं मराठी प्रेक्षकासाठी सर्वांत चांगली होती.

तेव्हा केबल तालुक्याच्या गावांत पोहोचली होती. दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी होती आणि तिच्यावर ‘दामिनी’ रोज लागत होती. मराठीतल्या त्या पहिल्या दैनंदिन मालिकेची नायिका पत्रकार होती, हे आज मुद्दाम सांगावंसं वाटतं. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’, मराठी साहित्यकृतींवरची ‘पिंपळपान’, गाणी-कवितांची ‘नक्षत्रांचे देणे’ हे सगळं खासगी वाहिनीवर होत होतं. सरकारी वाहिनी आणि खासगी वाहिन्या एकमेकींकडे बघून काम करत होत्या, एकीला दुसरीची धास्ती होती. मालिकेची गोष्ट संपली की मालिकाही संपायची. बातम्या एकाहून जास्त ठिकाणी मिळू लागल्या होत्या आणि अजून आरडाओरडा सुरू झालेला नव्हता. भाषा, निवड आणि पोहोच या तिन्ही गोष्टी मराठी माणसाला एकाच वेळी मिळाल्या त्या याच वर्षांत. आधी कधी नाही, नंतरही नाही.

तो समतोल ढळला तो सह्याद्री मागे पडली म्हणून. सरकारी वाहिनी मैदानातून हटली आणि खासगी वाहिन्यांना धास्ती उरली नाही. आजची रात्री आठची मालिका बघा. सासूच्या हातून ताट पडतं. ताट तीनदा पडताना दिसतं, मग खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा झेपावतो, ढोल वाजतात, आणि लगेच जाहिराती. परत आल्यावर ताट पुन्हा पडतं. अर्ध्या तासात कथा चार पावलं सरकते. लिहिणाऱ्यांत गुणवत्ता नाही असं मुळीच नाही. रोज भाग द्यायचा आणि दर आठवड्याला टीआरपीत टिकायचं, यात कुणाचाही गुण चिरडला जाईल.

आणि तो टीआरपी कुठून येतो? देशात टीव्हीची घरं सुमारे २३ कोटी आणि मोजणीची यंत्रं सुमारे ५८ हजार घरांत. २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याची चौकशी मुंबई पोलिसांनी सुरू केली आणि वृत्तवाहिन्यांची आकडेवारी मार्च २०२२ पर्यंत बंद राहिली. त्या काळात आकड्यांवाचून कुणाचं अडलं नाही. आकडे परत आले आणि पडद्यावरच्या आठ चौकोनांतली भांडणंही तशीच सुरू राहिली.

जाहिरातींचा नियम आपल्याच पुस्तकात आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांहून जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, वाहिनीची स्वतःची जाहिरातही त्यातच धरून. ट्राय या दूरसंचार-प्रसारण नियामक संस्थेने २०१३ मध्ये तो लागू करायला घेतला, वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. या सगळ्यात प्रेक्षकाच्या बाजूने कोण उभं राहिलं, हे मला आपल्याकडून ऐकायचं आहे.

मी मोठ्या माणसांच्या टीव्हीपेक्षा लहान मुलांच्या टीव्हीबद्दल जास्त अस्वस्थ आहे. पहिलीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात मुलं बोलती होतात तेव्हा कळतं, घरात काय लागतं ते. शेतमजुराचं पोर, घरात सगळे मराठी, आजी तर अस्सल बार्शीकडची. आणि पोराला तहान लागली की म्हणतं, “मॅडम, मुझे पानी पीना है.” भांडण झालं की हिंदीत, खेळात हुकूम सोडायचे तर हिंदीत. आईने शिकवलेली मराठी जेवायला आणि झोपायला, आणि कल्पनेतलं सगळं जग डोरेमॉन-शिनचॅनच्या हिंदीतलं. हिंदीशी माझं वैर नाही, ती पोरं पुढे शिकणारच आहेत. पण सहा वर्षांच्या मुलाला स्वप्न रंगवायला स्वतःची भाषा मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. काही वाहिन्यांनी अलीकडे मराठी आवाज दिला, ते चांगलंच झालं. तरी गोष्ट परदेशातली, फक्त ओठांवर मराठी चिकटवलेली. मराठी मुलांसाठी मराठीत सुचलेला, त्यांच्या शेतातल्या ओढ्याचा आणि एसटी स्टँडचा कार्यक्रम रोज कुठे लागतो?

असा कार्यक्रम करता येतो, हे सह्याद्रीनेच दाखवलं आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना जुलैपासून ‘टिलीमिली’ सह्याद्रीवर सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. स्मार्टफोन नसलेल्या घरांत ते पोहोचलं. पाठ्यपुस्तकातला धडा अंगणातल्या वस्तू घेऊन खेळून शिकायचा, पालकांनी बरोबर बसायचं. आमच्या गावात एका टीव्हीसमोर तीन घरांची मुलं बसलेली मी पाहिली आहेत. शाळा उघडल्या आणि ती वेळ पुन्हा रिकामी झाली. अशी गोष्ट महामारीपुरती का असावी?

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिलेला निकाल आपल्या खात्याला नवा नाही. वाद क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्यायालयाने सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनहितासाठीच व्हायला हवा. त्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी, ना पैसेवाल्यांची. मराठी प्रेक्षकाने एक मक्तेदारी १९७५ ला भोगली, दुसरी आज भोगतो आहे. त्या निकालाचा आधार घेऊन माझ्या मागण्या मांडते.

सह्याद्रीला रात्री आठ ते दहा या वेळेसाठी नव्या मराठी कार्यक्रमांचा वेगळा निधी द्या, आणि तो खर्च करण्याचा अधिकार वरळीत ठेवा. प्रसारणाच्या पायाभूत सोयींसाठी मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये अडीच हजार कोटींहून जास्त रकमेची योजना मंजूर केली. यंत्रं येतील, डिश येतील, दुर्गम भागातल्या घरांना फुकट सेट टॉप बॉक्सही मिळतील. त्यावर लावायला कार्यक्रम हवेत. लेखक, दिग्दर्शक, नट महाराष्ट्रात भरपूर आहेत, नाट्यस्पर्धांमधून दरवर्षी नवे तयार होतात. त्यांना तेरा भागांची मालिका करू द्या आणि चौदावा भाग मागू नका.

मुलांसाठी रोज संध्याकाळी मराठी तास ठेवा, आणि त्यात एकही जाहिरात नको. शेतीचा कार्यक्रम जिल्हावार हवामानासह शेतकरी घरी असतो त्या वेळेला लावा. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्यावर मजकूर देण्याचे निकष आपल्या खात्याने २०१९ मध्ये जाहीर केले, ते मराठी मालिकांना आणि बातम्यांना प्रत्यक्ष लागू करा. माझी आई कानाने अधू झाल्यापासून फक्त चेहरे बघते आणि गोष्ट आमच्याकडून विचारून घेते. १२ मिनिटांच्या नियमाबाबत सरकारची भूमिका ठामपणे मांडा.

शेवटची मागणी जुन्या टेपांची. सुरुवातीच्या वर्षांत टेप महाग म्हणून कितीतरी कार्यक्रम पुसून त्यांवरच नवे चित्रित झाले, असं तिथे काम केलेली माणसं सांगत आली आहेत. गेलं ते गेलं. उरलेल्यातलं काही सह्याद्रीने यूट्यूबवर टाकलं आहे आणि लोक ते आवडीने बघतात. पण मुंबई केंद्राकडे नेमकं काय शिल्लक आहे, कोणता कार्यक्रम, कोणत्या वर्षाचा, किती भाग, कोणत्या अवस्थेत, याची संपूर्ण यादी लोकांसमोर यायला हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ अॅप सुरू झालं, ते त्यासाठी तयारच आहे. यादी जाहीर करायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही, न्यायालयात तारीख पडत नाही, निविदाही काढावी लागत नाही. आपण सांगितलंत तर वरळीत उद्यापासून काम सुरू होऊ शकतं. ते कधी सुरू होणार, एवढं तरी कळवावं.

आपली,
एक प्रेक्षक आणि निवृत्त शिक्षिका
बार्शी, जि. सोलापूर