मगर प्लास्टिकची नव्हती

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन राज्यातील एका प्राणिसंग्रहालयात गेले होते. मगरीच्या खंदकाच्या कठड्यावर ओणवून वीस-पंचवीस माणसे उभी होती आणि खाली काठावर एक मगर जबडा उघडा टाकून निश्चल पडलेली होती. ‘प्लास्टिकची आहे रे,’ असे एका वडिलांनी मुलाला सांगितले आणि खात्री करून घ्यावी म्हणून खिशातले नाणे तिच्या अंगावर भिरकावले. मगर हलली नाही. नाणे तिच्या पाठीवरून घरंगळत पाण्यात गेले. तिथे बाटल्यांची झाकणे आधीच तरंगत होती.

मी विज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवली असल्यामुळे राहवले नाही. उन्हात अंग पुरेसे तापले की डोक्याकडची उष्णता बाहेर टाकण्यासाठी मगर अशी तोंड उघडून पडते, एवढेच मी सांगितले. त्या मुलाने लगेच विचारले, ‘मग मिटते कधी?’ त्याचे उत्तर मलाही देता येईना, म्हणून आम्ही थांबलो. आमच्यासोबत आणखी सहा-सात जण थांबले, आणि दहाएक मिनिटांनी तिने जबडा मिटला तेव्हा कोणी तरी षटकार मारल्यासारख्या टाळ्या पडल्या. (टाळ्या वाजवणेही तिथे निषिद्धच, पण मला त्या क्षणी रागावता आले नाही.)

प्राणिसंग्रहालय करमणुकीसाठी की शिक्षणासाठी, हा वाद मला त्या दिवसापासून निरर्थक वाटू लागला आहे. त्या दहा मिनिटांत दोन्ही झाले आणि त्यासाठी लागले एक वाक्य. तेच वाक्य तिथल्या पाटीवर नव्हते. पाटीवर होते ते शास्त्रीय नाव, आयुर्मान, आहार आणि वन्यजीव कायद्यातील अनुसूचीचा क्रमांक. समोरचा प्राणी या घटकेला काय करतो आहे, याविषयी अक्षर नाही. शेजारी लाल रंगात मात्र ‘प्राण्यांना त्रास देऊ नये’ असा इशारा होता. तो रास्तच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे किंवा गोंगाट करणे हा गुन्हा आहे. पण बघावे काय, हे न सांगता करू नये काय, एवढेच सांगत राहिले की कंटाळलेला माणूस नाणे फेकणारच.

पुण्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. पुढे १९५३ साली पेशवे पार्क झाले, तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी आमच्या पिढीने पिंजऱ्यांइतक्याच कौतुकाने पाहिली, आणि १९९९ मध्ये कात्रजला सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. गजांच्या जागी खंदक आले, झाडी आली, प्राण्याला लपायला जागा मिळाली. हा बदल निःसंशय योग्य आहे. अडचण एवढीच की प्राण्याला मोकळीक मिळाली की तो भर दुपारी दिसेनासा होतो आणि तिकीट काढून आलेला माणूस ‘काही दिसलेच नाही’ म्हणत पुढे सरकतो. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे, आणि थांबावेसे वाटेल अशी सावलीची जागाही द्यायला हवी. आपल्याकडे बाके उपाहारगृहापाशी असतात, खंदकापाशी नसतात.

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली कोरियाहून आठ हंबोल्ट पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले, तेव्हा खूप वादंग झाला. तो खर्चाचा होता, आणि त्यात मी पडत नाही. पण हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. ते पेरू आणि चिलीच्या रुक्ष किनाऱ्यावर राहतात आणि तिथला थंड सागरी प्रवाह त्यांना मासळी पुरवतो. पेंग्विन पाहून आलेल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक मुलाने नंतर चित्रात बर्फच काढला आहे. काचेमागचा थंडगार कक्ष पाहिल्यावर मुलाच्या मनात दुसरे काय येणार?

१९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात, प्रेक्षकाच्या मनात वन्यप्राण्यांविषयी आत्मीयता आणि जाण निर्माण करणे हे एक उद्दिष्ट म्हणून लिहिलेले आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी नवी प्रदर्शनी, त्रिमिती चित्रपट किंवा सेल्फीचा ठोकळा उभारावा लागतो, असे मला वाटत नाही. प्राणिरक्षकांना जे ठाऊक असते ते एकाही पाटीवर नसते: कोणती वाघीण हाक मारल्यावर आत येते, कोणती रुसून बसते, मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास का घालतात. त्यांनी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटे मराठीत बोलावे आणि त्या कामाचा वेगळा भत्ता त्यांना मिळावा.

आणि माणसे कमी पडत असतील तर आम्ही निवृत्त शिक्षक आहोतच. रविवारी सकाळी दोन तास मगरीच्या खंदकापाशी उभे राहायला पहिले नाव माझे लिहावे. सावलीत एक बाक मात्र असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे